चुन्याच्या ठोकळ्यांच्या भेटीला

लोक हवापालटासाठी प्रवास करतात, नाहीतर देवदर्शनासाठी. गेल्या नाताळच्या सुट्टीत मी अळणावर, धारवाड आणि हुबळी असा प्रवास केला तो चुन्याचे ठोकळे बघायला. घरी हे कारण सांगितल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "पुण्यातले बघून झाले वाटतं सगळे?"

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवतो. इमारती आणि पूल ज्या वस्तूंनी बांधतात, म्हणजे दगड, विटा, चुना, सिमेंट, त्यातलं काय किती टिकतं हा माझा विषय. या विषयाची एक अडचण आहे. एखादी वस्तू पन्नास वर्षं टिकते हे सिद्ध करायला पन्नास वर्षं लागतात, आणि सरकार त्याच्या बरंच आधी पेन्शन देऊन घरी बसवतं. म्हणून माझे बहुतेक सहकारी प्रयोगशाळेतल्या हौदात नमुने बुडवतात, महिन्याभरानं काढतात, आणि त्यावरून पुढच्या शंभर वर्षांबद्दल बोलतात. मला ते पटेना. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरचे लहान पूल आणि मोऱ्या महागड्या सिमेंटऐवजी आपल्या चुना-सुरखीच्या करता येतील काय, हा माझा प्रश्न. सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड. ती चुन्यात दळून, वर मूठभर सिमेंट घातलं, तर तो चुना पाऊस सोसतो असं माझं म्हणणं. पण हौदातलं पाणी आणि आभाळातलं पाणी यांत फरक असतो.

धारवाडचा मुलूख या कामाला जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे. अळणावरला रानातला धो धो पाऊस, धारवाडला बेताचा, आणि हुबळीला काळ्या जमिनीवर त्याहून कमी. तिन्ही गावं एकाच रुळावर, सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतकी जवळ. चार वर्षांपूर्वी मी एकाच घाण्यातल्या चुन्याचे, आत लोखंडी सळी घातलेले, दोघांनी मिळून उचलावेत असे ठोकळे तिथे नेऊन उघड्यावर मांडले आणि परत आलो. चार पावसाळे त्यांनी खायचे आणि मग मी जाऊन बघायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

मधल्या काळात कॉलेजात माझं नाव "ठोकळे" पडलं. ते मी सोसलं, कारण आमचे प्रोफेसर यंदा निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी दोघे होतो. मी, आणि हौदात नमुने बुडवणारा एक सहकारी. प्रिन्सिपॉलसाहेब मला म्हणाले, "तुमच्या त्या धारवाडकडच्या कामाचं काय झालं ते आणा, मग बोलू." मी हातोडी, छिन्नी आणि भिंग पिशवीत टाकलं आणि गाडीत बसलो.

अळणावर

लोंढ्याच्या पुढे गाडी रानातून जाते. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी इतकी जवळ येतात की खिडकीतून हात काढला तर पान हाती यावं. अळणावरला उतरलो तेव्हा सकाळचं धुकं होतं आणि स्टेशनावर लाकडाच्या वखारीचा वास भरून राहिला होता. तिथून बैलगाडीनं कोसभर आत सिद्दप्पाचं शेत. माझे ठोकळे त्याच्या बांधावर होते.

होते, असं मी समजत होतो. बांध रिकामा होता.

सिद्दप्पा पन्नाशीचा, भाताची शेती करणारा, अत्यंत सभ्य माणूस. माझ्याशी मराठी, बैलांशी कन्नड. त्यानं मला आधी घोंगडीवर बसवलं, पाणी आणि गूळ पुढे ठेवला. पुण्यात पाहुण्याला काय घेणार असं विचारायची पद्धत आहे. इथे समोर आणून ठेवतात आणि तो संपेपर्यंत उभे राहतात. गूळ संपल्यावर मी विचारलं, "ठोकळे कुठायत?"

"हैत की. सगळे कामात हैत," तो म्हणाला.

खरोखरच सगळे कामात होते. काही गवताच्या बणवीखाली होते, वाळवी लागू नये म्हणून. तीन जणांची परड्यात पाणी तापवायची चूल झाली होती. त्यांची तोंडं काजळीनं काळी झालेली, आणि सळीचं काय झालं असेल ते विचारायची सोय नव्हती. एक गोठ्याच्या दाराशी पायरी म्हणून, आणि एक आडाजवळ.

"रिकामे पडलेले बघवेनात, साहेब," सिद्दप्पा म्हणाला. "इतकी चांगली वस्तू."

आडाजवळच्या ठोकळ्यावर त्याची बायको यल्लव्वा लुगडं आपटत होती. आभाळाखाली राहिलेले काय ते दोनच, हा आणि गोठ्याची पायरी. मी भिंग काढून पायरीशी बसलो. कडा झिजल्या होत्या. शेवाळ धरलं होतं. हातोडीनं ठोकल्यावर आवाज मधूनच बद्द येत होता. पावसानं चांगलाच खाल्ला होता त्याला, की म्हशीच्या खुरांनी? ते पायरी सांगत नव्हती. मग मी यल्लव्वाला म्हणालो की तिचा ठोकळा मला पुण्याला न्यायचा आहे, फोडून बघायचा आहे.

तिनं लुगडं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि ठोकळ्यावर बसली. "कोडूदिल्ल," ती म्हणाली. देणार नाही.

सिद्दप्पानं तिला बरंच समजावलं. साहेबांचीच वस्तू आहे, सरकारी काम आहे. तिचं म्हणणं सिद्दप्पानं मला मराठीत सांगितलं. आधीचा दगड गुळगुळीत होता, पाय घसरायचा, एकदा पडून तिचं मनगट मोडलं होतं. हा खरबरीत आहे. साहेबांना पुण्यात दुसरा मिळेल.

चार वर्षांच्या संशोधनाला मिळालेली ही पहिली शिफारस. ती कुठे छापता येण्यासारखी नव्हती. यल्लव्वानं मला कोपऱ्यातला सुपारीएवढा कपचा काढू दिला, आणि तोही काढताना ती माझ्या हातोडीकडे अशा नजरेनं बघत होती की मी एका फटक्यात काम उरकलं. मग तिनंच भात आणि कुळथाचा कट वाढला. कट इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते ठोकळ्यांसाठी आहे असं समजून सिद्दप्पानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

धारवाड

दुपारच्या गाडीनं धारवाडला आलो तो खट्टू मनानं. स्टेशनावर अण्णा उभेच होते.

अण्णा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे सासरे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म काढला, कुणाच्या चहाला शिवले नाहीत, आणि आता माळमड्डीत स्वतःच्या घरात पेन्शन खात आहेत. गळ्याभोवती मफलर, हातात छत्री, पावसाचं चिन्ह नसतानाही. मला बघताच म्हणाले, "यावं यावं, प्रोफेसर."

"अजून झालो नाही, अण्णा."

"होणार की हो. तुमचं सामान बघा, मग कळेल."

त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडतं. आम्ही पुणेकर 'मी पत्र लिहिलं' म्हणतो, धारवाडकर 'मी पत्र लिहिलो' म्हणतात. काम कसंही झालेलं असो, करणारा माणूस वाक्यात ठळक उभा राहतो. त्याचं महत्त्व मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

घरी पोचताच मी परसात धावलो. पेरूच्या झाडापलीकडे, उतरत्या उन्हात, ठोकळे रांगेनं मांडलेले होते. कचेरीत फायली लावाव्यात तसे. एकही कमी नव्हता. मी पहिल्याजवळ बसलो आणि बोट फिरवलं. कडा धारदार. शेवाळाचा ठिपका नाही. हातोडी मारली तर देवळातल्या घंटेसारखा खणखणीत आवाज. दुसरा तसाच. तिसरा तसाच. आणि सगळ्यांच्या अंगावर एक मंद चकाकी होती, जुन्या शिसवी पेटीवर असते तशी.

ही चकाकी मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. चुना आणि सुरखी यांचा वर्षानुवर्षं पावसाशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नवा थर तयार होत असावा, असं माझ्या मनानं तिथल्या तिथे ठरवलं. त्या थराला नावसुद्धा सुचलं. अळणावरच्या पायरीचा बद्द आवाज म्हशीच्या नावे टाकला. मुंबईच्या इंजिनिअर मंडळींसमोर उभं राहून मी हे सगळं कसं सांगेन, पहिलं वाक्य कोणतं, टाळ्या कुठे, हे रात्रीच्या जेवणाआधी तयार होतं.

जेवायला जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, आणि वर ताक. वाढणाऱ्या अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी. थोड्या बोलतात आणि ताट रिकामं दिसू देत नाहीत. मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते आठवत नाही. अक्कांनी माझ्या भावजयीला नंतर कळवलं म्हणे की तुझा दीर पुण्यात उपाशी राहतो की काय.

सकाळी उप्पीट खात ओट्यावर बसलो होतो. अण्णा पेढे आणायला गेले होते. अक्का तांदूळ निवडत होत्या. मला सहज म्हणाल्या, "यंदा पोती नवी घ्यायला पाहिजेत. जुनी उंदरांनी खाल्ली."

"कसली पोती?"

"तुमच्या ठोकळ्यांची. पावसात घालायची."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तेवढ्यात अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आले, आणि मी विचारायची गरज उरली नाही. कारण या कामाचा त्यांना विलक्षण अभिमान होता आणि कुणी विचारावं म्हणून ते कालपासून वाट बघत होते.

"दर वर्षी मृग लागायच्या आधी मी सगळे आत घेतलो," अण्णा म्हणाले. "एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ही. गोठ्यात कोरड्या जागी. खाली फळ्या घातलो, वर पोती. एक वर्षी गोठा गळाला तर माजघरात आणलो. दिवाळीनंतर पुन्हा उन्हात. आणि वर्षातून एकदा जवसाचं तेल. पेटाऱ्याला लावतो तसं. चकाकी बघितला का?"

"बघितली," मी म्हणालो.

"तुम्हीच सांगून गेला होता, जपा म्हणून. तुमचा जीव त्यात. भिजू देऊ काय आम्ही?"

मी सांगितलं होतं खरं. जपा म्हणजे कुणी चोरू नये, फोडू नये, असं माझ्या मनात होतं. चार पावसाळे खायला म्हणून आणलेले ठोकळे चार पावसाळे गोठ्यात फळ्यांवर बसून काढून, वर तेल लावून घेऊन, तुकतुकीत झाले होते. मी ज्या थराला नाव दिलं होतं तो जवसाच्या तेलाचा होता. खरं सांगायचं तर वास कालच येत होता. मला वाटलं, अक्कांनी चटणीत जवस घातला असेल.

माझ्या पुढ्यात साठी उलटलेली दोन माणसं बसली होती. त्यातल्या एकाला पाठीचं दुखणं आहे हे मला माहीत होतं, आणि ते चार वर्षांपूर्वी नव्हतं हेही माहीत होतं. मी पेढा तोंडात टाकला. "छान ठेवलेत," मी म्हणालो.

अण्णांनी अक्कांकडे बघितलं, आणि इतके खुश झाले की माझ्याबरोबर हुबळीला येतो म्हणाले. ठोकळे उचलायला कुणी लागेल की.

हुबळी

हुबळी धारवाडसारखी नाही. धारवाडला लोक बोलतात, हुबळीला व्यवहार करतात. स्टेशनातून बाहेर पडल्यावर कापसाचे गठ्ठे लादलेल्या गाड्यांची रांग, आणि हवेत कापसाचे तंतू. अण्णांनी मला कोप्पीकर रोडवर एका दुकानात नेऊन गिरमिट खायला लावलं. चुरमुऱ्यांना चिंचेचा मसाला आणि कांदा चोळलेला हा पदार्थ आमच्या भेळेचा चुलतभाऊ म्हणता येईल. पण बाजूला जी मिरचीची भजी ठेवतात ती भाजीच्या मिरचीची असेल असं समजून मी अर्धी एका घासात खाल्ली. पुढचा काही वेळ मी बोलू शकत नव्हतो. त्यामुळे अण्णाच बोलत राहिले. ठोकळ्यांबद्दल.

माझी सगळी मदार आता हुबळीच्या ठोकळ्यांवर होती. ते भास्करच्या ताब्यात होते. भास्कर माझा शाळेतला मित्र, आता डॉक्टर. त्यानं देशपांडे नगरात मोकळा प्लॉट घेऊन ठेवला होता आणि त्यावर मी ठोकळे मांडले होते. आम्ही पोचलो तेव्हा प्लॉट मोकळा नव्हता. त्यावर नवं, पिवळ्या रंगाचं, दुमजली घर होतं. दारात भास्कर हसत उभा होता.

"बांधलंस कधी?" मी विचारलं.

"यंदाच. कळवणार होतो, वास्तूला बोलावणार होतो, राहिलं. ये, आत ये."

"ठोकळे?"

त्यानं माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी पहिल्या पायरीवर उभा होतो.

"मिस्त्रीनं फोडून भराव करायचं म्हणून घण घातला तर फुटेनात," भास्कर म्हणाला. "तो म्हणाला, डॉक्टर, असला माल बाजारात मिळत नाही, हा पायात घालू. पायऱ्यांखाली आणि पुढच्या भिंतीखाली आहेत सगळे. तू असला माल करतोस आणि अजून लेक्चररच?"

मला पायरी उकरायची आहे असं मी म्हटलं तर त्यानं ते गमतीनं घेतलं. उकर, म्हणाला, फक्त घर मग तू सावर. माझं मत कुणी विचारलंच तर सांगतो, टिकाऊ मालाचा अभ्यास करणाऱ्यानं तो माल चांगला करू नये. लोक तो लगेच वापरायला काढतात.

जेवताना व्हायचं ते झालं. भास्कर शाळेपासून मोठ्यानं बोलतो. भात कालवताना म्हणाला, "इथले गेले तर गेले. धारवाडचे आहेत ना तुझ्याकडे? चार पावसाळे उघड्यावर काढल्यावर काय उरतं, तेच तुला बघायचं होतं. काय उरलं?"

अण्णांचा हात भातावर थांबला.

"उघड्यावर?" ते म्हणाले.

"हो. पावसात. तोच तर प्रयोग," भास्कर म्हणाला, आणि त्यांना वरण वाढा म्हणून आत ओरडला.

अण्णा नंतर जेवले नाहीत असं नाही. सगळं नीट संपवलं, ताटात काही टाकलं नाही, भास्करच्या बायकोला जेवण छान झालं म्हणून सांगितलं. पण परतीच्या गाडीत बसल्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून झालेला कापूस. मी हवापाण्याबद्दल काही बोलून बघितलं.

"मला सकाळी सांगितला नाही तुम्ही," ते म्हणाले.

"सांगून काय झालं असतं, अण्णा?"

"माझी नोकरी तीस वर्षं झाली. एक हुकूम मी उलटा वाचलो नाही. हा वाचलो."

"हुकूम नीट लिहिला नव्हता."

धारवाडच्या अलीकडे चढ लागतो, गाडी हळू होते आणि बोललेलं ऐकू येतं. तेव्हा ते माझ्या बाजूला सरकले.

"बाहेरच होते म्हणून लिहा," अण्णा म्हणाले. "चार पावसाळे. कोण बघितलाय? मी सांगणार नाही, ही सांगणार नाही. तेल सोड्यानं घासून काढू. तुमची जागा तुम्हाला मिळू दे."

ज्या माणसानं जन्मभर कुणाचा चहा घेतला नव्हता, तो मला हे सांगत होता. आणि मला सांगायला हरकत नाही की त्या वेळी ते मला फार शहाणपणाचं वाटलं. ठोकळे चांगलेच होते. मिस्त्रीच्या घणाला पुरून उरले होते. अळणावरसारख्या पावसातही टिकले असते, बहुधा. त्या 'बहुधा'वर माझी प्रोफेसरी उभी राहिली असती.

पुन्हा धारवाड

संध्याकाळी परसात बसलो होतो. अक्का अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं, सोड्याच्या बेतासकट, कन्नड आणि मराठी एकमेकांत कालवून, जसं ते आपसांत बोलतात. अक्कांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "या मालाचं काय करणार म्हणता?"

"लहान पूल. मोऱ्या. बांधकाम खात्यानं मान्य केलं तर."

"कुठे?"

"पहिल्यांदा इथेच बघणार म्हणतात. कलघटगीच्या रस्त्यावर ओढे आहेत ना, तिथे."

"शारदा त्याच रस्त्यानं येते," अक्का म्हणाल्या.

शारदा त्यांची धाकटी मुलगी, माझ्या वहिनीची बहीण. कलघटगीकडे दिलेली आहे. माहेरी येते ती पोराबाळांसह, बैलगाडीतून, आणि बहुतेक श्रावणात. अक्का शेंगा सोलत राहिल्या. दाणे सुपात पडत होते त्याचा तेवढा आवाज.

अण्णा खाकरले. "खरं काय ते लिहा, प्रोफेसर," ते म्हणाले.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मी खरं लिहिलं. अळणावरचे नमुने: चूल, बणवी, पायरी व धुण्याचा दगड. हुबळीचे नमुने: एका घराच्या पायात. धारवाडचे नमुने: छपराखाली, तेल लावलेले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. जागा माझ्या सहकाऱ्याला मिळाली. बांधकाम खात्यानं कळवलं की विषय उपयुक्त आहे, अधिक अनुभव घ्यावा. अधिक अनुभव म्हणजे पुन्हा चार पावसाळे. मी आता कॉलेजात सगळ्यांत अनुभवी लेक्चरर आहे. ठोकळे हे नाव कायम झालं आहे.

पण निघायच्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

धारवाडला त्या दिवसांत चांगली थंडी पडते. मी उठलो तर अण्णांचं अंथरूण रिकामं. परसातून रहाटाचा करकर आवाज येत होता. बाहेर आलो. अण्णा मफलर गुंडाळून, धोतर वर खोचून विहिरीवर उभे. घागर भरून काढायची, दोन्ही हातांनी उचलून ठोकळ्यांशी न्यायची, आणि एकेकावर सावकाश ओतायची, असं चाललं होतं. ठोकळ्यांवरचं तेल घासून काढलेलं दिसत होतं. खाली सगळा चिखल झाला होता.

मी जवळ गेलो.

"अण्णा, हे काय?"

"पहिलं वर्ष झालं," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "दुसरं चालू आहे. मृग झाला, हे आर्द्राचं."

"असा पावसाळा होत नाही, अण्णा. चार महिन्यांचं पाणी असं एका सकाळी ओतून चालत नाही. वरच्या हवेचं, उन्हाचं, सगळ्याचं मिळून ते असतं."

"ते मला कळतं की हो." त्यांनी घागर खाली ठेवली, पाठीला हात लावला. "आता येत्या मृगापासून बाहेरच राहणार, ते राहू द्या. पण नुसतं बसवेना."

स्वयंपाकघराच्या दारातून अक्कांनी बघितलं, मला हातानं खूण केली, म्हणजे काय ते मला कळलं नाही. थांबवा असं असेल, किंवा करू द्या असंही असेल. त्या आत गेल्या.

मी कोट काढून पेरूच्या फांदीला अडकवला आणि रहाटाची दोरी हातात घेतली. दोरी बर्फासारखी गार होती. मी पाणी काढत गेलो आणि अण्णा ओतत गेले, मधूनमधून नक्षत्राचं नाव घेत. पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. मघांना त्यांनी हात आखडला, कारण त्या वर्षी मघा कोरड्या गेल्या होत्या असं त्यांना पक्कं आठवत होतं. आमच्या शास्त्रात या पद्धतीला काही आधार नाही, आणि मी ती कुठे लिहिलेलीही नाही. शेजारच्या कुंपणावरून एक गृहस्थ दात घासत आमच्याकडे बघत होते. त्यांनी कन्नडात काहीतरी विचारलं. अण्णांनी मान वर न करता उत्तर दिलं, "पाऊस."

टांगेवाला दारात येऊन घंटी वाजवू लागला. गाडीला तसा वेळ होता, आणि त्या वर्षाचा हस्त अजून राहिला होता. मी घागर पुन्हा विहिरीत सोडली.